झील कोण धरणार?

दक्षिण कोरियात २०१५ साली ‘सिक्स्टीन’ नावाचा कार्यक्रम झाला. सोळा मुलींमधून सात जणींचा बँड निघणार, असं सुरुवातीपासून सांगितलेलं. शेवटच्या भागात सात नावं वाचून झाली आणि मग बँड काढणाऱ्या संगीत कंपनीचा संस्थापक पार्क जिन-यंग याने सातांच्या नऊ केल्या. आठवी त्झुयू, प्रेक्षकांच्या कौलावर. नववी मोमो, आणि ती तर मधल्याच एका फेरीत बाद झालेली होती. त्याच मंचावर अशाही मुली होत्या ज्या प्रत्येक फेरीतून तरून शेवटपर्यंत आल्या होत्या आणि तरीही यादीबाहेर राहिल्या. हरलेली आत, टिकलेल्या बाहेर. कारण असं दिलं गेलं की बँडला मोमोच्या नाचाची गरज आहे. स्पर्धेच्या हिशेबाने ही सरळसरळ लबाडी होती. पण त्या बँडचं, म्हणजे ‘ट्वाइस’चं, पुढचं कुठलंही गाणं लावा, तिच्याशिवाय तो नाच उभाच राहत नाही, हेही दिसतंच. निर्णय अन्यायाचा आणि बरोबर, दोन्ही एकदम कसा असू शकतो, हे तेव्हापासून खटकत राहिलं. नियम मोडला म्हणून बँड चांगला झाला असेल, तर तो नियम मुळात कशासाठी होता?

मुलींचा बँड टीव्हीवर घडवायची कल्पना आता पंचवीस वर्षांहून जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली ‘पॉपस्टार्स’ने ‘ट्रू ब्लिस’ घडवला. तोच साचा मग ऑस्ट्रेलियात ‘बार्डो’, जर्मनीत ‘नो एंजल्स’, अमेरिकेत ‘ईडन्स क्रश’ आणि २००२ मध्ये आपल्याकडे चॅनेल व्हीवर ‘विवा’ असा फिरत राहिला. पण याही आधी, १९९७ मध्ये, जपानच्या ‘असायान’ कार्यक्रमात एक गंमत होऊन गेली होती. तिथे बँड शोधतच नव्हते. शोध होता एका रॉक गायिकेचा, आणि ती मिळालीही. हरलेल्यांपैकी पाच जणींना निर्माता त्सुंकू याने अट घातली की पाच दिवसांत तुमच्या सीडीच्या ५०,००० प्रती स्वतः हातोहात विका, मग पुढचं बघू. त्यांनी चार दिवसांत विकल्या. त्या पाच जणींचा ‘मॉर्निंग मुसुमे’ झाला आणि सदस्य बदलत बदलत तो आजही चालू आहे. एकटीने उठून दिसणं ही ज्यांची पडती बाजू होती, त्या एकत्र उभ्या राहिल्यावर काहीतरी वेगळंच झालं.

पहिल्या फेरीचीच रचना बघा. रांगेत उभं राहून आत आलेल्या मुलीला वीसतीस सेकंद मिळतात, तीही वाद्यांच्या साथीशिवाय. साथ नाही म्हणजे पट्टी तिची तिने ठरवायची, आणि घाबरलेला माणूस पट्टी अनेकदा वर धरतो. अर्ध्या मिनिटात छाप पाडायची तर कोणी अंतरा गात बसत नाही, थेट मुखड्याच्या सगळ्यांत उंच जागेवर उडी मारते. सूर लांबवते, त्याला कंप देते, शेवटी एखादी मुरकी. परीक्षकाच्या हातातल्या कागदावर आवाज, नाच, व्यक्तिमत्त्व असे रकाने असतात, आणि आवाजाच्या रकान्यात चांगले गुण पडतात ते या उंच जागेला. पाच-सहा फेऱ्या अशाच चाळणीतून झाल्या की शेवटी उरणाऱ्या मुली बहुतेक एकाच जातीच्या आवाजाच्या निघतात. वरच्या भागात जोर, मधल्या भागात चमक आणि खाली काहीच नाही.

बँडला नेमकी खालीच गरज असते.

पॉपमधला स्त्रियांचा वापरात येणारा पल्ला, पाश्चात्त्य स्वरनावांत सांगायचं तर, साधारण मधल्या ‘सी’च्या खालच्या ‘जी’पासून वरच्या ‘डी’-‘ई’पर्यंत, म्हणजे दीड सप्तकाच्या आसपास. स्त्री-पुरुष मिश्र बँडमध्ये खालचा मजला पुरुषांच्या आवाजाने आपोआप भरतो. पाचही मुली असतील तर सगळ्या या दीड सप्तकातच दाटीवाटीने बसतात. मुखड्याची नेहमीची बांधणी अशी असते: मूळ चाल दोघींनी, तिच्यावर तिसऱ्या स्वराचा थर एकीने, आणि चालीच्या खाली, कधी तिसऱ्यावर तर कधी सहाव्यावर, आणखी एक सूर. वरच्या थराला पाचांपैकी चार हात वर होतात. खालचा सूर ‘जी’-‘ए’च्या आसपास घुटमळतो. तिथे आवाजाला वजन लागतं, श्वास सुटून चालत नाही आणि ऐकणाऱ्याला तो वेगळा ऐकूही येत नाही. तो काढून टाकला की मात्र मुखडा एकदम पातळ होतो आणि का झाला ते बहुतेकांना सांगता येत नाही. ही झील धरणारी मुलगी मिळणं अवघड आहे, कारण तिला पहिल्या फेरीत तीस सेकंदांत काय दाखवता येणार? ‘मी खालचा सूर न हलवता धरू शकते’ हे एकटीने गाऊन सिद्धच करता येत नाही. त्याला शेजारी दुसरं कोणी गात असावं लागतं.

आणि सूर लागले म्हणजे आवाज मिसळले असंही नाही. ‘आ’ हा स्वर एकीचा तोंड पसरून, दुसरीचा गोल असेल तर दोघी अचूक सुरात असूनही बेसूर वाटतात. म्हणून तालमीत पहिले दोन दिवस शब्दांवरच जातात, कुठल्या स्वराला जबडा किती उघडायचा इथपर्यंत. ओळीच्या शेवटी ‘स’ किंवा ‘त’ असेल तर पाच जणींचे पाच वेगवेगळे फटके ऐकू येतात. त्यावर जुना तोडगा असा की शेवटचं व्यंजन एकीनेच उच्चारायचं, बाकीच्यांनी स्वरावर थांबायचं. कंप बंद. मुरकी बंद. श्वासाच्या जागा कागदावर खुणा करून वाटून घ्यायच्या, म्हणजे सगळ्या एकाच ठिकाणी थांबणार नाहीत. एकटीने गाताना जेवढा आवाज लावतो त्याहून कमीच लावायचा, शेजारणीचा ऐकू येत राहील इतका. म्हणजे पहिल्या फेरीत जे जे करून ती आत आली, ते ते आता सोडायचं. काही मुलींना हे पटकन जमतं. काहींना हा अपमान वाटतो, आणि त्यांचंही सगळंच चुकतं असं नाही. आठवडाभरापूर्वी याच मुरकीवर टाळ्या पडल्या होत्या.

नाच आला की गणित आणखी बिघडतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आठ मात्रा म्हणजे चार सेकंद. मुखड्यावर सगळ्यांत जड पावलं असतात आणि नेमकी तिथेच सगळ्यांत उंच ओळ येते. जाणता नृत्यदिग्दर्शक उंच ओळ गाणारीला त्याआधीच्या चार मात्रा उडी मारायला लावत नाही. तिला चालत पुढे आणतो, म्हणजे बरगड्या मोकळ्या राहतात आणि प्रेक्षकाला ते रुबाबदार पुढे येणंच वाटतं. नवखा दिग्दर्शक सगळ्यांना सारखी पावलं देतो आणि मग थेट प्रक्षेपणात आवाज फाटतो. त्यातून वाट काढायला मागे ध्वनिमुद्रित कोरस लावलेला असतो. कोरियन चाहत्यांच्या भाषेत सगळे आवाज असलेला ट्रॅक तो ‘एआर’ आणि नुसत्या वाद्यांचा तो ‘एमआर’. बहुतेक ठिकाणी मधला मार्ग असतो: मुख्य ओळी प्रत्यक्ष, खालचे-वरचे थर ट्रॅकवर. आणि त्या ट्रॅकवरचे थर अनेकदा पाचही जणींचे नसतातच. ज्या एकीचा सूर सर्वांत पक्का तिलाच ध्वनिमुद्रणाच्या खोलीत थांबवून घेतात आणि तिच्याकडून तीच ओळ चारसहा वेळा गाऊन घेऊन डावी-उजवीकडे पसरवतात. गाणं ऐकताना ज्याला आपण ‘बँडचा आवाज’ म्हणतो, तो पुष्कळदा एकाच मुलीचा गळा असतो, आणि पोस्टरवर ती कडेला उभी असते.

टीव्हीवर भांडण मात्र मधल्या जागेवरून होतं. पाच, सात, नऊ या संख्या निर्मात्यांना सोयीच्या, कारण त्यांना नेमका मध्य असतो. त्रिकोणाचं टोक कोण हे एका नजरेत कळतं. हायब आणि गेफन या संगीत कंपन्यांच्या २०२३ च्या स्पर्धेत वीस जणींतून सहा निवडून ‘कॅट्सआय’ झाला, तिथे सहाच्या रांगेला मध्यच नाही, त्यामुळे प्रत्येक कडव्याला कोणीतरी सरकून पुढे यावं लागतं. मध्यासोबत सेकंदही येतात. तीन मिनिटं दहा सेकंदांच्या गाण्यातून सुरुवातीचे सूर, नाचाची जागा वगैरे वजा केलं तर गायला दीडशेएक सेकंद उरतात. नऊ जणींत सारखे वाटले तर प्रत्येकीला सोळा-सतरा. सारखे कोणी वाटत नाही. मध्यावरची तीस नेते, मुख्य गायिका पंचवीस, आणि शेवटचीच्या वाट्याला पाच-सहा सेकंदांची एक ओळ, तीही बहुधा दुसऱ्या अंतऱ्यातली, जिथे कॅमेरा इतर कुणाची प्रतिक्रिया टिपत असतो. त्यामुळे तालमीच्या पहिल्या दिवशी गट बसला की चर्चा गाण्याची होत नाही, ‘किलिंग पार्ट’, म्हणजे गाण्यातली सगळ्यांत लक्षात राहणारी जागा, कोणाचा याची होते. तासभर त्यातच जातो. खालच्या सुराचा विषय निघतो तो तिसऱ्या दिवशी, शिक्षिका वैतागून विचारते तेव्हा.

हे सगळं मुलींचा स्वार्थ म्हणून दाखवलं जातं, पण मतदान कसं मांडलंय ते पाहिलं की त्यांच्याकडे दुसरा मार्ग नसतो हे लक्षात येतं. २०१६ च्या कोरियन ‘प्रोड्यूस १०१’मध्ये १०१ मुली होत्या आणि अकरा जणींचा बँड निघणार होता. सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक प्रेक्षकाने अकरा नावं निवडायची होती. अकरा नावं लिहायला बसलेला माणूस नकळत बँड जुळवू लागतो: दोन जणी गाणाऱ्या, एक रॅप करणारी, दोघी नाचणाऱ्या. शेवटच्या फेरीत मात्र एका माणसाला एकच नाव. एकदम खेळ बदलतो. आता कोणी बँड जुळवत नाही, आपापली मुलगी वाचवतो. आणि जी अनेकांच्या यादीत चौथी-पाचवी होती पण कोणाचीच पहिली नव्हती, ती कोसळते. निकालात पहिली आली जॉन सोमी, ८,५८,३३३ मतांनी. हीच सोमी आदल्या वर्षी ‘सिक्स्टीन’मध्ये शेवटपर्यंत पोचून नऊ जणींच्या यादीबाहेर राहिली होती. पाचवी आली किम सोहे, अभिनयाच्या कंपनीतून आलेली, पहिल्या चाचणीत सगळ्यांत खालच्या ‘एफ’ दर्जात टाकलेली. किम सेजॉंग तिला शिकवते आहे, ती पडत-धडपडत शिकते आहे, ही गोष्ट देशभर लोकांनी पाहिली होती आणि त्यांनी त्या धडपडीला मत दिलं. आणि अकरावी, म्हणजे शेवटच्या खुर्चीवर, १,३६,७८० मतांवर आली यू यॉनजंग. त्या अकरांतला सगळ्यांत भक्कम गळा तिचा. बँडचे उंच सूर पुढे तिनेच पेलले.

सोहेबद्दल मनात दोन्ही आहे. तिची प्रगती खोटी नव्हती, आणि ती बघताना पाणी येत नसेल तर तो माणूस कोरडाच म्हणायचा. पण बँडच्या दृष्टीने पाहिलं तर एक जागा अशी गेली जिथे सूर लावायला कोणी नव्हतं, आणि तो भार उरलेल्यांवर पडला. प्रेक्षकाला त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत रात्री दोन वाजता मोजली जाते.

एकेरी मताचा आणखी एक परिणाम असा की निर्मात्यालाच निकालाची भीती वाटू लागते. लोकांनी निवडलेल्या अकरा जणी एकत्र उभ्या राहिल्यावर विकल्या नाहीत तर? त्या भीतीतून काय होतं ते २०१९ मध्ये उघड झालं. याच मालिकेच्या सगळ्या पर्वांत क्रमवारीत फेरफार झाल्याचं तपासात निघालं आणि २०२० मध्ये निर्माता आन जून-यंगला दोन वर्षांची कैद झाली. ‘सिक्स्टीन’च्या त्या रात्रीशी याची तुलना केली की मजा वाटते. पार्क जिन-यंगने नियम कॅमेऱ्यासमोर मोडला, आपलं नाव लावून मोडला, आणि लोक आठवडाभर चिडून गप्प बसले. इथे तेच काम लपून झालं आणि वर प्रेक्षकांकडून मतांचे पैसे घेऊन झालं. बँड बांधणाऱ्याला स्वतःची निवड करायची असतेच. ती जनतेची म्हणून विकणं हा गुन्हा.

संकलनाबद्दल थोडकंच, कारण त्यातली हातचलाखी आता बऱ्याच प्रेक्षकांना ओळखू येते. मुलाखती देताना मुलीला पुन्हा पुन्हा तेच कपडे का घालायला लावतात? तिसऱ्या दिवसाचं वाक्य पहिल्या दिवसाच्या प्रसंगात जोडता यावं म्हणून. उत्तर पूर्ण वाक्यात का द्यायला सांगतात? प्रश्न कापून टाकता यावा म्हणून. डोळे फिरवतानाचा चेहरा कदाचित जेवणाच्या रांगेत टिपलेला असतो आणि लागतो मैत्रिणीच्या गाण्यावर. कोरियात याला ‘सैतानी एडिटिंग’ असंच नाव आहे. माझा आक्षेप जरा वेगळा आहे. संकलनात सर्वांत आधी कापली जाते ती कंटाळवाणी तालीम, आणि बँड घडतो तो त्या कंटाळ्यात. एकच ओळ चाळीस वेळा, कोणी रडत नाही, कोणी भांडत नाही, फक्त एकतिसाव्या वेळी पाच आवाजांचा अचानक एक होतो. हे दोन मिनिटं न कापता दाखवलं तर लोक वाहिनी बदलतील, असं निर्मात्यांना वाटतं. बदलतीलही.

त्यातल्या त्यात प्रामाणिक मांडणी म्हणजे २०२० चा ‘निझी प्रोजेक्ट’, नऊ जणींचा बँड निवडणारी आणखी एक स्पर्धा. तिथे मुलींच्या गळ्यातल्या लॉकेटमध्ये चार ठोकळे बसवायचे होते: नाच, गाणं, तेज आणि स्वभाव. स्वभाव हा परीक्षेचा विषय असू शकतो का, यावर वाद घालता येईल. पण निदान तिथे कोणीतरी मान्य केलं की नऊ जणी एका गाडीत, एका खोलीत वर्षानुवर्षं राहणार आहेत आणि ते गुण वरच्या सुरात मोजता येत नाहीत.

आणि मग ‘गर्ल्स अलाउड’. २००२ चा ब्रिटिश ‘पॉपस्टार्स: द रायव्हल्स’. अंतिम दहा जणींपैकी एक वयोमर्यादेत बसत नव्हती, एकीने करारावर सही करायचं नाकारलं, म्हणून आधी वगळलेल्या दोघींना परत बोलावलं: किंबर्ली वॉल्श आणि निकोला रॉबर्ट्स. दोघीही पाचांत आल्या. तिसरी, नादीन कॉयल, आयर्लंडच्या स्पर्धेतून वय कमी म्हणून बाद झालेली. म्हणजे पाचांपैकी तिघी कुठल्या ना कुठल्या दारातून परत पाठवलेल्या. त्या पाच जणींनी नाताळच्या आठवड्यात पहिला क्रमांक मिळवला आणि ते गाणं धरून लागोपाठ वीस गाणी ब्रिटनच्या पहिल्या दहांत नेली. चाळणी इतकी अचूक असती तर हे व्हायला नको होतं. माझ्या मते त्यांना वाचवलं ते निर्मात्यांच्या एका चमूने. झेनोमेनियाने त्यांच्या गळ्यांचा अंदाज घेऊन गाणी तुकड्यातुकड्यांनी बांधली, एकीची ओळ संपते तिथे दुसरीचा पोत सुरू होईल अशी. स्पर्धा संपल्यावर कोणीतरी बांधणी हातात घेतली. बहुतेक बँडांना ते मिळतच नाही. पहिलं गाणं टीव्हीच्या लाटेवर विकलं जातं, दुसऱ्या अल्बमपर्यंत वाहिनीचं नवं पर्व सुरू झालेलं असतं आणि सगळी माणसं तिकडे.

‘विवा’चं थोडंफार असंच झालं. २००२ मध्ये पाच जणी घराघरांत पोचल्या आणि लवकरच त्यातली सीमा रामचंदानी बाहेर पडली. पुढच्या वर्षी वाहिनीने ‘आस्मा’ हा नवा बँड उभा केला, आणि विवाचे काही वर्षांत दिवस संपले. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पार्श्वगायनात स्थिरावल्या, म्हणजे ज्या गुणावर त्या निवडल्या गेल्या होत्या तो एकटीने गायचा गुण एकटीलाच कामी आला.

पाचांतली एक जाते तेव्हा आत नेमकं काय करावं लागतं, हे मात्र कुठल्याच पर्वात दाखवत नाहीत. रांगेचा मध्य हलतो, म्हणून प्रत्येक नाच पुन्हा बसवावा लागतो. ट्रॅकवर तिचा आवाज राहिलेला असतो. तो काढायचा तर कोरस नव्याने मुद्रित करायचा, नाहीतर चौघी मंचावर आणि पाच आवाज कानात. तिच्या एकटीच्या ओळी वाटून टाकायला अर्धा तासही लागत नाही, त्याला सगळ्या तयार असतात. अडतं ते ती मुखड्यात कुठल्या थरावर होती तिथे. खालचा सूर तिचा असेल तर उरलेल्या चौघींपैकी कोणाचा गळा तिथे पोचत नाही, किंवा पोचतो पण तिला मूळ चाल सोडायची नसते. मग संगीत संयोजक सोपा उपाय काढतो, सगळ्या गाण्याची पट्टी एका सुराने वर नेतो. खालचा थर आवाक्यात येतो, आणि दुसऱ्या कार्यक्रमापासून वरची ओळ गाणारीचा आवाज फाटू लागतो.